रिकाम्या हॉपरचं वजन

"हे कुणाला पटणार नाही. नकाच पटवून घेऊ," असं म्हणून मुटालेच्या बाबांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला. "पण खरं आहे. मंगळवार होता. भर दुपारचे दोन. मुफुलिरा गावाबाहेरची ती मक्याची गिरणी. भुतं रात्रीच निघतात हे कुणी ठरवलं?"

मग ते म्वापेबाईंकडे वळले. बाईंची वीस वर्षं त्याच गिरणीच्या स्टोअरमध्ये गेली होती. त्यांनी शेंगदाणे खावेत, मध्ये बोलू नये, असं त्यांना आधीच बजावलं.

त्या गिरणीत वजनकाट्यांचा एक मिस्त्री होता. कासोंडे नावाचा. ही हकिकत बाबांना त्यानेच सांगितली होती म्हणे.

दळायला जाण्याआधी मका एका उंच लोखंडी हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीत, तोलला जायचा. हॉपरच्या पायांखाली सेन्सर. ते तारेतून इवलासा करंट पाठवणार, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर किलोचा आकडा उमटणार.

हॉपर रिकामा, तर चार मिलिअँपिअर. भरलेला, तर वीस. तार तुटली, तर आकडाच नाही. नुसत्या रेघा.

हा काटा कायम भटकायचा. जरा ओल लागली की रिकाम्या हॉपरलाही वजन दाखवायचा. मग कासोंडेने खालूनच बटण दाबायचं, की आकडा शून्य. आधी झाकण उघडून आत बघायचा नियम होता. पण वर चढायला बावीस पायऱ्या. दिवसातून सहा वेळा कोण चढतो?

त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपली. हॉपर रिकामा होता.

पडद्यावर आकडा आला... त्रेसष्ट.

"कासोंडे, तुझ्या काट्याला पुन्हा दिवस गेले बघ," फोरमन लुपिया फोनवर म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, की आज गिरणी अजून एकदा थांबली तर उद्यापासून घरी बस, बायकोच्या कोंबड्या राख.

कासोंडेला चार पोरं होती.

तो धावत खालच्या पेटीपाशी गेला. सेन्सरकडून येणारी तार सोडवली. आता पडद्यावर रेघा यायला हव्यात.

त्याने लुपियाला विचारलं, काय दिसतंय?

त्रेसष्ट.

मग आपल्या हातातल्या यंत्रातून त्याने बरोबर चार मिलिअँपिअर सोडले. आता शून्य दिसायलाच हवं.

त्रेसष्ट.

त्याने पेटीतल्या कार्डावर तार दुसऱ्या जागी जोडून पाहिली. तार बदलली. मीटर लावून पाहिला. तारेत करंटच नाही... आणि पडद्यावर त्रेसष्ट.

मग आकडा हलायला लागला.

बासष्ट... चौसष्ट... बासष्ट...

झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. सावकाश.

आणि हॉपरमधून आवाज आला.

ठक... ठक...

कासोंडेला वाटलं, पत्रा सैल झाला असेल.

"मग तो वर चढला," मुटालेचे बाबा म्हणाले. "बावीसच्या बावीस पायऱ्या. झाकण उचललं. बॅटरी मारली. आत... कुणी नव्हतं. शपथेवर सांगतो. नुसता धुरळा."

कासोंडे खाली आला. त्याने तार पुन्हा जोडली आणि बटण दाबलं.

शून्य.

लुपियाने मका सोडला. पाचशे किलो.

ठकठक अचानक वाढली... मग एकच ठोका... मग काही नाही.

पाव तासात गिरणी अडली. हॉपरचं खालचं दार उघडेना. चार जणांनी बाजूचा पत्रा उघडून फावड्यांनी मका उपसला, तेव्हा तळाशी सांपा सापडला. सफाईवाला. नाकातोंडात दाणे. झाडू अजून हातात होता.

हॉस्पिटलात त्याला तोललं. किती भरला असेल?

त्रेसष्ट.

मुटालेच्या बाबांच्या म्हणण्यानुसार यात कुणाचाच दोष नव्हता. काट्याने येणारं मरण आधीच तोलून दाखवलं, माणूस मागाहून उतरला. सांपाच्या बायकोलाही कासोंडेने हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. चौकशीत लिहिलं गेलं, की मयत कुणाला न सांगता आत उतरला. कासोंडेची नोकरी राहिली. पण बाजारात कुणी टोमॅटो तोलायला घेतले की तो अजून तोंड फिरवतो म्हणे.

बाकावरच्या प्लंबर मुसोंडाने विचारलं, "म्हणजे काट्यातच भूत होतं?"

"नाहीतर काय? तार सोडली तरी आकडा. तूच सांग."

म्वापेबाईंनी दाण्यांची वाटी बाजूला सरकवली.

"सांपाला बाहेर काढल्यावर त्याचे बूट वरून मीच खाली आणले," त्या म्हणाल्या. "हॉपरमध्ये उतरणारा माणूस बूट वरच्या पायरीवर काढून ठेवतो. झाकणाच्या अगदी तोंडाशी, म्हणजे वर येणाऱ्याला कळावं की आत कुणीतरी आहे. दोन्ही बूट तेव्हाही तिथेच, सरळ ठेवलेले होते. मोजे आत खोचलेले. ते उचलल्याशिवाय झाकणाला हात पोचत नाही."

मुटालेच्या बाबांनी ग्लास उचलला. त्यात काही नव्हतं.

म्वापेबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पोराच्या नावानं हाक मारायची सोडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बाईंनी बाबांना त्यांच्या स्वतःच्या नावानं हाक मारली.

"तू वर गेलाच नव्हतास, कासोंडे."