न लिहिलेलं नाव

जून उजाडला की तिरखेड्याच्या उपविभागीय कार्यालयात प्रकटनाची लगबग सुरू व्हायची. शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला दोन गोष्टी कराव्या लागत. पहिली जुनीच होती. घर, शेत, सोनं, ठेवी, गाडी, सगळ्याचं विवरणपत्र भरून द्यायचं. दुसरी नऊ वर्षांपूर्वीच्या कायद्यानं आली होती. जिल्ह्याच्या प्रकटन केंद्रात जाऊन डोक्यावर टोप चढवायचा आणि अकरा मिनिटं पडद्यावर सरकणारे चेहरे बघायचे. ज्या माणसांची प्रकरणं त्या वर्षी तुमच्या टेबलावर आहेत, त्यांचे ते चेहरे असत.

रेवती उरकुडे सहा वर्षं तिथं उपविभागीय अधिकारी होती. तिरखेडा हा तिचाच तालुका. पूर्वी अशी नेमणूक मिळाली नसती, पण टोप आल्यावर ती बंदी उठली होती. टोपापुढं काही लपत नाही, मग माणूस कुठलाही असेना, असा सरकारचा हिशेब होता. रेवतीला या परीक्षेची कधी धास्ती वाटली नव्हती. कोणाच्या घरचा चहासुद्धा न पिणारी बाई, असं तिच्याबद्दल लोक बोलत.

त्या दिवशी अकरा मिनिटं संपली, पण तंत्रज्ञ टोप काढायला पुढं आला नाही.

"मॅडम, बसून राहा. डॉक्टर येताहेत."

आल्या त्या डॉ. मंजिरी पाटसकर. ज्या शोधावर हा सगळा कायदा उभा होता, तो त्यांचाच.

शोध तसा समजायला सोपा होता. आपण पुरते अडलेलो असताना कोणी हात दिला, की त्याचा चेहरा मेंदूत इतर चेहऱ्यांसारखा साठवला जात नाही. चेहरा ओळखणाऱ्या पेशी आणि खोलवर असलेला, सुरक्षित वाटण्याशी निगडित असा एक इवलासा भाग यांच्यात कायमची वाट पडते. पाटसकरांनी तिला 'उपकारखूण' म्हटलं होतं. पुढं कधीही तो चेहरा समोर आला की आपण विचार करायच्या आधीच, सेकंदाच्या पाव भागात, आपला कौल किंचित त्याच्याकडे कलतो. संपत्तीच्या विवरणपत्रात हे कुठून दिसणार? लाच घेणाऱ्यांनी पैसे घेणं केव्हाच सोडलं होतं. मुलीला प्रवेश, आजारी बापाला खाट, भावाला नोकरी असं काहीबाही ते घेत. त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नव्हती. मेंदूत मात्र होत होती.

"विवरणपत्राच्या सातव्या, उपकारांच्या रकान्यात तुम्ही दोन नावं लिहिलीत," पाटसकर म्हणाल्या. "तिसरं राहिलं."

"कोणाचं?"

त्यांनी पडद्यावर चेहरा आणला. पांढरे खुंट, जाड भिंगाचा चष्मा, पीठ उडून कायमच्या राखाडी झालेल्या भुवया. रेवतीला हसूच आलं.

"हे? अहो, हे तर गुरुजी आहेत. आमच्या गावचे. चक्की आहे त्यांची."

"नथ्थूजी मेश्राम. वळणरस्त्याच्या भूसंपादनाला हरकत घेणाऱ्या एकशे चाळीस लोकांत आहेत. कायद्यानं खुणेची मर्यादा चाळीस अंश आहे. यांची एक्क्याण्णव भरली. मी इतकी मोठी खूण आजवर दोनदाच पाहिली आहे."

"पण त्यांनी माझं कुठलंच काम करून दिलेलं नाही. मीही त्यांचं केलेलं नाही."

"मग काय केलं त्यांनी?"

रेवतीनं सांगायचा प्रयत्न केला. ती बारा वर्षांची असताना वडील गेले. आई धानाच्या गिरणीत जायची. घरची वीज तोडली गेली होती. गावात संध्याकाळी उजेड असायचा तो चक्कीत. नथ्थूजी गणितातले पदवीधर होते, नोकरी न मिळाल्यानं दळणं दळायचे. सहा वर्षं रोज त्यांनी तिला शिकवलं. पत्र्यावर साचलेल्या पिठात बोटानं त्रिकोण काढून भूमिती समजावली. चक्कीच्या आवाजात ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा.

"मग नाव का नाही लिहिलंत?"

"रकान्यात विचारलंय, तुमच्यावर उपकार कोणाचे? गुरुजींचे उपकार... मला तो शब्दच सुचला नाही, डॉक्टर. घरच्या माणसाबद्दल असं कोण म्हणतं?"

पाटसकर म्हणाल्या, "यंत्राला हे कळत नाही. ते फक्त वाट मोजतं. ती लाचेनं पडली की मायेनं, हे त्याला सांगता येत नाही. मलाही अजून येत नाही."

कायद्यात पुढचं सगळं लिहिलेलं होतं. मर्यादेबाहेरचा हितसंबंध प्रकट केला नाही, तर अधिकारी बडतर्फ आणि गेल्या सहा वर्षांतले त्याचे सगळे आदेश स्थगित. नुसता राजीनामा देऊनही आदेश वाचत नव्हते. सुटकेची एकच वाट होती. तीस दिवसांत शमन करून घ्यायचं. शमन म्हणजे ती पेशींची वाट कायमची बुजवून टाकणं. आठवण जात नाही, ओढ जाते.

रेवतीला पांगडीचे टोले, म्हणजे तिथल्या विखुरलेल्या वस्त्या, आठवल्या. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या तीनशे बारा कुटुंबांना तिनं वनहक्काचे पट्टे दिले होते. प्रत्येक शेताच्या बांधावरून ती स्वतः चालली होती, कारण उपग्रहाच्या नकाशात ते बांध दिसतच नव्हते. ते आदेश एकदा स्थगित झाले की त्या जागेवर डोळा ठेवून बसलेली खाणकंपनी दुसऱ्याच दिवशी न्यायालयात उभी राहणार होती.

रविवारी दुपारी ती गावी गेली. चक्की बंद होती. नथ्थूजी ओट्यावर बसून चक्कीच्या पट्ट्याला टाके घालत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मंग करून टाक ना," ते म्हणाले. "विचार कायले करतेस?"

"गुरुजी, तुम्हाला कळतंय का? मग मला तुमच्याबद्दल काही वाटणार नाही."

"मी का वाटावं म्हणून शिकवलं होतं का तुले?" त्यांनी सुई पट्ट्यात खोचली. "माह्या एका जिवासाठी तीनशे घरं उघड्यावर आणशील? असं शिकवलं नाही मी."

"मी कोणालातरी भेटते. दाद मागते."

"मागून पाह्य. पण महिना कितीकसा?"

तिनं मागितली. मंत्रालयात अर्ज केला, न्यायाधिकरणात वकील उभा केला. सगळे आदरानं बोलले. मायेला कायद्यातून वगळावं, हे सगळ्यांना पटत होतं. फक्त माया कोणती, हे ठरवणारं यंत्र कोणाकडे नव्हतं, आणि एकाला सूट दिली की उद्या प्रत्येक जण लाच देणाऱ्याला गुरुजी म्हणेल, याचं उत्तर रेवतीकडेही नव्हतं. अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं संमतिपत्रावर सही केली.

शमनाला वीस मिनिटं लागली. दुखलं काहीच नाही. घरी आल्यावर आईनं भीत भीत विचारलं, "गुरुजी आठवतात का तुले?"

"सगळं आठवतं, आई."

आठवत होतंच. दहावीच्या पेपरच्या दिवशी ती तापानं फणफणली होती आणि नथ्थूजींनी तिला सायकलवर बसवून अठरा किलोमीटर नेलं होतं. ऊन लागू नये म्हणून स्वतःचं उपरणं ओलं करून तिच्या डोक्यावर टाकलं होतं. तिनं ते सगळं ओळीनं आठवून पाहिलं. दुसऱ्या कोणाची तरी हकीकत वाचावी तसं वाटलं. चांगला माणूस होता, इतकं तिला पटलं. त्यापुढं काही आलं नाही. तिनं वाट पाहिली. रडू यावं म्हणून थोडा वेळ डोळे मिटूनही बसली. मग चपात्या गार होतील म्हणून उठली.

आता हितसंबंध उरला नव्हता, त्यामुळे हरकतीची सुनावणीही तिच्याच समोर झाली. नथ्थूजी सदरा इस्त्री करून आले होते. त्यांचा क्रमांक येईपर्यंत बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"आपलं म्हणणं सांगा," रेवती म्हणाली.

'आपलं' ऐकून ते क्षणभर थांबले. मग सांगू लागले. रस्त्याच्या आखणीत चक्की येतच नाही. जुन्या मोजणीचा दगड ओढ्याच्या पलीकडे होता, तो पुरात वाहून आला आणि नव्या मोजणीनं तोच खरा धरला. आठ मीटरची चूक आहे. "मॅडम, एक डाव येऊन पाहून घ्या. ओढा ओलांडला की जुन्या दगडाचा खड्डा दिसतो अजून."

उपग्रहाचा अहवाल फाइलमध्ये होता. त्यावर तीन सह्या होत्या. स्थळपाहणी करायची की नाही, हे नियमानं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. आणि मर्जी, तिनं स्वतःशी शोधून पाहिलं, कुठंच नव्हती. ना याच्याविरुद्ध, ना याच्या बाजूनं.

"अहवाल परिपूर्ण आहे. हरकत फेटाळण्यात येते. मोबदला नियमाप्रमाणे मिळेल."

नथ्थूजी उभे राहिले. तिच्याकडे त्यांनी नीट, लांबून बघावं तसं पाहिलं.

"तब्येत सांभाळा, मॅडम," ते म्हणाले आणि गेले.

दिवाळीनंतर चक्की पाडली. त्याच सुमारास डॉ. पाटसकर तिरखेड्याला आल्या. शमन झालेल्या अधिकाऱ्यांना त्या एकेकाला भेटत फिरत होत्या. जूनपासून बऱ्याच वाळल्या होत्या.

"एकशे सात जण झाले," त्या म्हणाल्या. "एकाविरुद्धही तक्रार नाही. कामं वेळेत होतात. फक्त एक आकडा मला झोपू देत नाही. हे लोक पूर्वी वर्षाला तीस-चाळीस स्थळपाहण्या करायचे. तुम्ही एकोणनव्वद केल्या होत्या. शमनानंतर किती?"

"एकही नाही. सक्ती नाही ना त्याची."

"माझी चूक झाली. मला वाटलं, प्रत्येक चेहऱ्याची वाट वेगळी असते. पण त्या सगळ्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. आपल्यासाठी कोणीतरी विनाकारण झिजलं होतं, तिथूनच आपण अनोळखी माणसासाठी झिजायला शिकतो. एक मोठी वाट बुजवली की ती जागाच मुकी होते. पांगडीच्या बांधांवरून तुम्ही चाललात ना, ती चाल तिथून आली होती. उलट करण्याचा मार्ग मी शोधतेय. अजून सापडलेला नाही. सापडला, तर तुम्ही याल का? तुम्हाला ते परत हवंय का?"

रेवतीनं प्रश्न मनापासून ऐकला. ती कोणत्याही प्रश्नाला उडवून लावत नसे. तिनं आत नीट पाहिलं, एखाद्या फाइलमध्ये सुटलेलं पान शोधावं तसं. सगळी पानं जागच्या जागी होती.

"कशासाठी?" तिनं विचारलं.

विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती उत्तराची वाट बघत थांबली. समोरच्या बाई रडू लागल्यावर तिनं, पाहुण्यांच्या बाबतीत करतात तसं, पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि पुढच्या प्रकरणासाठी घंटी वाजवली.