खिडक्यांचा फिका हिरवा

"तुम्ही आमचं घर चोरताय, की नुसतं बघताय?"

मी मान वर न करता म्हटलं, "चोरतेच आहे. ऊन पळून जाईल, मध्ये उभे राहू नका."

तो हसून बाजूला झाला. समोरच्या जुन्या दुमजली घरात तो आईबरोबर राहायचा, तळमजल्यावर त्याचा दातांचा दवाखाना होता. मी जुनी घरं रंगवते. रेघ न् रेघ कोरत नाही. सकाळच्या उन्हात घर जसं डोळ्यांत शिरतं, तसं रंगांच्या तुटक फटकाऱ्यांनी उतरवते. माझा हात चांगला आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

डॉक्टरांनी कॅनव्हासला जवळजवळ नाकच टेकवलं. "ही खिडकी? मला तर नुसता चिखल दिसतोय."

"जन्म गेला तुमचा लोकांच्या जबड्यात वाकून! जरा मागे सरका."

तो सरकला. आणखी सरकला. "अरे... आई सकाळी खिडक्या उघडते ना, तेव्हाचं घर आहे हे."

इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं, आणि ब्रश कुठे टेकवायचा होता तेच विसरले.

मग रोज पहिला पेशंट यायच्या आत तो चहाचे दोन कप घेऊन यायला लागला. एकदा मी बोलून गेले, "चित्र झालं की मी पुढच्या गल्लीत. एका घरासमोर दुसऱ्यांदा उभी राहत नाही मी."

"हं..." एवढंच म्हणून तो कपाच्या कानाशी चाळा करत बसला.

सोमवारी आले, तर खिडक्यांची झडपं गडद, चकचकीत हिरवी! उन्हापावसानं विटलेला तो फिका रंग, ज्याच्यावर माझं सगळं चित्र उभं होतं, तो पार गेला होता. डॉक्टरांच्या कोपरापर्यंत हिरवे डाग.

"हे काय केलंत?"

"जुनी दिसत होती म्हणून..."

"अहो, जुनी दिसत होती म्हणूनच तर मी आले!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वरून त्याची आई म्हणाली, "खरं सांग तिला! इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा कधी ब्रश धरला नाहीस."

त्याचे कान लाल झाले. "रंग बदलला तर तुम्हाला चित्र पहिल्यापासून काढावं लागेल... आणखी थोडे दिवस राहाल, असं वाटलं. मूर्खपणा झाला. कळतंय मला."

माझा राग औषधालाही उरला नाही.

"डॉक्टर, चित्र गेल्या आठवड्यातच पूर्ण झालंय."

"मग रोज काय रंगवत होतात?"

"चित्रातलं दार. सकाळी रंगवायचं, आणि तू दवाखान्यात गेलास की खरवडून टाकायचं."

'तू' निसटलं होतं. मी ते परत घेतलं नाही.

"का पण?"

"एक्स-रे काढल्याशिवाय काहीच दिसत नाही का तुला? आवडतोस मला. खूप आवडतोस."

दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस, पण आता स्वतःच आ वासून उभा राहिला. मीच हात पुढे केला. त्यानं तो घट्ट धरला.

"पण... ती पुढची गल्ली?"

"तिथे जाणारच. काम आहे माझं. सकाळी तिकडे, संध्याकाळी तुझ्याकडे. चालेल?"

"चालेल काय," तो म्हणाला, "धावेल!"