वजा गुणिले वजा

वाचनालयाच्या माडीवर मंगळवारी आणि शनिवारी स्वयंसेवक मुलांचा अभ्यास घेत. त्या मंगळवारी मराठी शिकवणारी ती पोचली, तर तिच्या कोपऱ्यातल्या बुटक्या बाकावर एक उंच माणूस गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. समोर आठवीतली अबोल मुलगी.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"माझी असती, तर पाय मावले असते," म्हणत तो उठला… आणि हसला.

ती हसली नाही. दिवसभर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या न्याहाळणारी ती. नुसत्या डोळ्यांना दिसतं त्यावर तिचा विश्वास नव्हता. शिवाय आधीचे दोन स्वयंसेवक फोटो आणि प्रमाणपत्र घेऊन पसार झाले होते. वाचनालय सांभाळणाऱ्या मावशींकडून कळलं, हा लिफ्ट दुरुस्त करतो, गणित शिकवणार आहे, आणि प्रमाणपत्र नको म्हणाला. तेही नको? मग नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती पाळत ठेवू लागली. निबंध सांगता सांगता नजर फळ्याकडे जाई. नेमका तेव्हाच तो वळून बघे – की ती घाईघाईने वहीत डोकं खुपसे. तिसऱ्या आठवड्यात तो सापडला. वजा तीन गुणिले वजा चार, बरोबर वजा बारा! अबोल मुलीने उठून ती चूक दाखवली, त्याने कान पकडले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. चार चुका टिपून झाल्यावर तिने तारीखवार यादी मावशींना दिली. मावशींनी त्याला मुलांसमोरच विचारलं. चुका माझ्याच, एवढं म्हणून तो जिना उतरला.

शनिवारी ती मुलगी वही घेऊन तिच्याकडे आली. म्हणाली, "ताई, माझ्यामुळे गेले का दादा? त्यांच्या चुका मीच काढायचे."

तिने वही चाळली आणि एका पानावर ती थबकली. वजा तीन गुणिले वजा चार – वजा बारा. मुलीच्याच अक्षरात, महिन्यापूर्वीचं. चारही चुका आधी हिच्या होत्या. तो त्या स्वतःच्या नावावर घेऊन फळ्यावर मांडत होता, हिला सापडाव्यात म्हणून. आणि मावशींनी विचारलं तेव्हा हिच्यादेखत तो ते कसं सांगणार?

मावशींकडून त्याच्या कामाचा पत्ता घेऊन ती तडक एका चारमजली इमारतीत गेली. तो लिफ्टच्या दाराशी ग्रीसने माखलेले हात पुसत होता. तिने माफी मागितली, परत या म्हणाली.

"यादी वाचली मी," तो म्हणाला. "तारीख, वेळ… माझ्याकडे इतकं बारीक लक्ष कोणी दिलं नव्हतं."

"संशयाने बघत होते मी."

"कळत होतं. तरी मंगळवार कधी येतो, असं व्हायचं मला."

"मुलांसाठी?"

"त्यांच्यासाठी आलो होतो. पण तुमच्याकडे बघताना फळ्यावर पाचवी चूक झाली – ती मात्र खरी होती. तुमच्या यादीत नाही."

तिचे कान तापले. त्याने बटण दाबलं, लिफ्टचं दार उघडलं. दुरुस्ती आत्ताच झाली होती, चाचणी बाकी होती.

"नीट चालेल ना?" तिने विचारलं.

"शंका आहे?"

"आहे," ती म्हणाली, आणि त्याच्याआधी आत जाऊन उभी राहिली.