ताईचा ब्रश

विश्वास ठेवायचा तर ठेवा. खोटं सांगून मला काय मिळणार आहे? मागच्या मंगळवारची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते, आमच्याच नाशपातीच्या बागेत.

आमच्याकडे बहर येतो तोच पावसात. पानं फुटायच्या आधी नुसती पांढरी फुलं... बघत राहावं अशी. पण पावसात मधमाशा फिरकत नाहीत. मग आम्हीच शिडीवर चढून एकेका फुलाला ब्रशने पराग लावतो. पुढे आठवडाभरात पाकळ्या गळतात.

या कामात माझ्या ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. दर फुलानंतर ती ब्रश शिडीवर दोनदा आपटून पाणी झटकायची.

टक... टक...

तीन वर्षांपूर्वी त्याच शिडीवरून पडून ती गेली.

पुढच्या बहरात भाऊजींच्या पापणीवर पिवळा ठिपका दिसला. परागाचा. ते तर बागेत पाऊलही टाकत नव्हते, ताईचा ब्रश तेवढा उशाशी ठेवायचे. मी चेष्टाही केली, आता तुम्हालाही फळ धरणार वाटतं.

पाकळ्या गळल्या त्या दिवशी भाऊजी गेले. झोपेतच.

तरी माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. यंदा ताईचा ब्रश मीच तिच्या लेकीला दिला. चांगला ब्रश, टाकवेना.

भाची एकोणीस वर्षांची. तोंड म्हणून मिटत नाही, म्हणून घरात सगळे तिला रेडिओ म्हणतात. मंगळवारी शेजारच्या झाडावरून तिची बडबड चालू होती.

मधेच थांबली.

टक... टक...

मी वर पाहिलं. ती दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. ब्रश खाली चिखलात पडला होता...

आणि तिच्या पापणीवर पिवळा ठिपका.

तेव्हापासून रेडिओ बंद. डॉक्टर म्हणतात, काही दोष नाही. ठिपका पुसला की जातो, सकाळी परत असतो. ब्रश मी जाळून टाकला. रागाच्या भरात फुलं खुडायला निघाले. सहाशे झाडं... किती खुडणार?

आज पुन्हा मंगळवार. मी तिच्या उशाशी बसलेय. फार भीती वाटतेय. ही पोर माझ्या हातून वाचेल असं आता वाटत नाही.

मघाशी खिडकीच्या काचेला पहिली पाकळी चिकटली. मी पडदा ओढून घेतला.

तेव्हा ती बोलली. आठवड्यात पहिल्यांदा.

"मावशी, पडदा उघड ना. आई कधीची शिडीवर थांबलीये."

मी उघडलेला नाही.

पण काचेवर आवाज येतोय...