येते हं

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. आणि मध्येच फिदीफिदी हसलात तर उठून जाईन.

माझ्या मेव्हण्याची गोष्ट आहे. खोटं रचण्याएवढी अक्कल त्याला नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळीला होता, वरच्या मजल्यावर. तिथे सगळी विसरलेली माणसं. कुणी स्वतःचं नाव विसरलेलं, कुणी पोटची पोरं. रात्री त्यांना सांभाळायला हा एकटा.

जिन्याच्या दाराला पितळी घंटी टांगलेली. दार उघडलं की वाजायची, म्हणजे कुणी निघालं तर कळावं. पण एकदा वाजली की अख्खा मजला उठून रडायचा. म्हणून ह्याने तिच्यात स्वतःचा लोकरीचा मोजा कोंबून ठेवला.

"मग घंटी कशाला, आजोबा?"

हेच त्याला विचारायला तेव्हा कुणी नव्हतं.

कोपऱ्यातल्या खोलीत एक मावशी होत्या. रोज रात्री स्वेटर घालून, पर्स घेऊन दाराशी उभ्या. "येते हं. मुलं शाळेतून यायची झाली." मुलं कसली, ती पन्नाशीची घोडी. मावशींना अडवलं की ओरबाडायच्या. म्हणून अडवायचं नाही. "चहा टाकलाय, घेऊन जा," म्हणायचं. बसायच्या, विसरायच्या. रोजचंच होतं ते.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. हाडं गोठवणारी थंडी. रात्रीचे नऊ वाजले असतील. शेवटच्या खाटेवरच्या मास्तरांनी अंथरूण ओलं केलं, हा चादर बदलायला गेला. एका हाताने मास्तरांना कुशीवर धरलंय, दुसऱ्याने चादर ओढतोय. मागून आवाज आला.

"येते हं."

हा मान न वळवता म्हणाला, "बरं, या."

निघणाऱ्याला आपण म्हणतोच की. तोंडाला सवय असते.

मास्तरांना कोरडं केलं. चादर भिजत घातली. खुर्चीत टेकला. डोळा लागला.

पहाटे चारला घंटी वाजली. खणखणीत.

हा धावला. दार बंद. मोजा खाली पडलेला. उचलला. आणि पाठीमागून...

"आले हं."

वळला. कुणी नाही.

मावशींच्या खोलीत गेला. खाटेवरच होत्या. भिंतीकडे तोंड. एक पाय पांघरुणाबाहेर. हात लावला... बर्फ. मोजा हातातच होता. पायात चढवला. पांघरूण ओढलं.

"झोपा आता."



उजाडलं तेव्हा खाट रिकामी.

बसथांब्याच्या बाकावर सापडल्या. बसलेल्या. पर्स मांडीवर. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीच्या आधीच गेल्या.

"झोपेत स्वप्न पडलं असेल त्याला."

असेल. मीही तेच म्हणालो. साहेबांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, मावशींच्या मुलाने विचारलं. प्रत्येकाला एकच सांगितलं त्याने. मी 'या' म्हणालो. रडला नाही, काही नाही. नोकरी गेली, तेही जेवता जेवता सांगितलं. अजून आमच्याकडे येतो. पण निघताना 'येतो' म्हणत नाही. उठतो, चालायला लागतो. आम्हीही 'या' म्हणत नाही.

ओळख पटवायला त्यालाच नेलं होतं. केस दवाने चिंब. स्वेटर चिंब. एक पाय अनवाणी, निळा पडलेला.

दुसऱ्यात त्याचा मोजा.

कोरडा...