चौथी कडी

“सगळे मागे व्हा! तीन... दोन... अरे शेपट्या, आधी बंपरवरून उतर!”

काका गाडीतून ओरडला तसं शेपूट टुणकन खाली उतरलं. भिंगरीचा हा आठ वर्षांचा भाऊ सतत तिच्या मागे असायचा, म्हणून तो शेपूट. भिंगरीला भिंगरी का म्हणतात, हे तिला दोन मिनिटं एका जागी बसवून पाहिलंत की कळेल! आज मात्र ती शेडच्या दाराशी खिळल्यासारखी उभी होती.

गाडीचं नाव डबी. आजोबांनी घेतलेली, सगळं घर त्याच गाडीवर शिकलेलं, त्यामुळे अंगभर पोचे. इंजिनाने मान टाकल्यावर काकाने ठरवलं, हिला विजेवर चालवायची. काकाचा धंदा पंपांच्या जळक्या मोटरी दुरुस्त करण्याचा, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. सुट्टी लागायच्या आधीपासून तो या कामाला भिडला होता. इंजिन गेलं, एका गोदामातली जुनी मोटर आली, मागच्या सीटखाली बॅटऱ्या आल्या. मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तुकडा, म्हणजे कपलिंग, चार घरं पलीकडच्या तात्यांनी आपल्या लेथवर कातून दिला. तात्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात हेच केलं होतं. केसाएवढा फरक त्यांना बोटाने कळायचा.

“एक!” काकाने पायडल दाबलं.

आणि डबी हलली! धूर नाही, धडधड नाही, अलगद शेडमधून बाहेर सरकली. शेपूट नाचायला लागलं. तेवढ्यात डबीच्या पोटातून ‘खर्रर्र... खट्!’ असा आवाज आला, की आई हातात पळी घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली.

काकाने बॉनेट उघडून आत डोकं घातलं. “कपलिंग घासतंय,” तो म्हणाला. मग बाजूला उभ्या असलेल्या तात्यांना जरा चाचरत, “तात्या, माप चुकलं असेल का? या वयात हात कापतो जरासा... चालायचंच.”

तात्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “असेल बाबा,” एवढंच म्हणून ते चहा न घेताच घरी गेले.

बाबांना ती शेड कधीची रिकामी हवी होती. “ठरलं होतं ना?” ते म्हणाले. “ शुक्रवारपर्यंत चालली तर ठेवायची, नाहीतर भंगारात. उद्या दहाला भंगारवाला येतोय.”

काका मान खाली घालून उभा राहिला. भिंगरीची नजर दाराकडे गेली आणि तिने ती पटकन वळवली.

कारण शेडच्या दाराला सुतळीने एक वही टांगलेली होती. तात्यांचा नियमच होता तसा. गाडीला ज्याचा हात लागेल, त्याने काय काढलं, काय घातलं ते वहीत लिहायचं, खाली नाव नि वार. शेपटानेसुद्धा लिहिलं होतं, ‘हॉर्न वाजवला. अकरा वेळा.’ भिंगरीने मात्र मंगळवारी काही लिहिलं नव्हतं.

मोटर चार बोल्टांवर बसते, आणि प्रत्येक बोल्टात एक जाडजूड पोलादी कडी. तात्यांनी त्या चारही कड्या एका मापाच्या कातून डब्यात ठेवल्या होत्या. त्यातली एक भिंगरीने ठिकरी खेळायला उचलली. काय पडायची! फेकली की जागची हलायची नाही. तिसऱ्या डावात मात्र ती घरंगळली आणि लॉन्ड्रीसमोरच्या गटाराच्या जाळीतून थेट आत. ‘एवढीशी तर कडी,’ भिंगरीने स्वतःला समजावलं. बुधवारी काकाने मोटर बसवली, तेव्हा कडीचं नावही काढलं नाही. सुटले बुवा, असं तिला वाटलं होतं.

दुपारी तिने सगळं मास्तरला सांगितलं. मास्तर म्हणजे शेजारचा, तिच्याच वर्गातला मुलगा. चष्मा पुसत पुसत तो कशावरही भाषण देऊ शकायचा.

“तात्यांना बोल लागला, आणि तू गप्प बसलीस?”

“हो.”

“काका ‘हात कापतो’ म्हणाला, तेव्हाही?”

“गप्प बसले म्हटलं ना! किती वेळा विचारशील!” भिंगरीचे डोळे भरून आले. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मास्तरने भाषण गिळून टाकलं.

“पण एक कोडं आहे,” तो म्हणाला. “कड्या तीन होत्या. मग काकाने चौथ्या बोल्टात घातलं काय?”

काका पंपाच्या दुरुस्तीला निघालाच होता. “काका, चारही कड्या बसवल्यास ना?” शेपटाने विचारलं.

“हो रे, चारही बोल्ट दणदणीत घट्ट आहेत!” असं म्हणून काका गेलाही.

“आपण कड्यांचं विचारलं,” मास्तर कुजबुजला, “आणि याने बोल्टांचं सांगितलं!”

तिघं शेडमध्ये शिरले. बॅटऱ्यांचा मोठा स्विच बंद आहे ना, ते मास्तरने दोनदा पाहिलं. आत जाण्याइतका बारीक हात फक्त शेपटाचा. त्याने आईचा छोटा आरसा मोटरमागे धरला, भिंगरीने टॉर्चचा झोत टाकला.

“एक चमकते... दोन... तीन... चौथी मळकी आहे! आणि तिच्यावर रेघा आहेत!”

“रेघा नाहीत त्या, वॉशर आहेत!” मास्तर ओरडला. “पाच-सहा वॉशर एकावर एक!” त्याने वहीच्या कागदाला घड्या घातल्या आणि शेपटाकडून तो मोटरमागच्या फटीत सरकवून पाहिला. तीन कड्यांपाशी बारा घड्या बसल्या, चौथ्या ठिकाणी दहाच. “म्हणजे मोटरच तिरकी बसलीय! तात्यांचं माप बरोबर आहे!”

“म्हणजे चूक काकाची!” शेपूट टाळ्या पिटायला लागलं.

क्षणभर भिंगरीलाही हलकं वाटलं, आणि लगेच आणखीच वाईट वाटलं. काकाने वॉशर घातले, कारण कडी नव्हती. कडी का नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“आधी कडी काढायची,” ती म्हणाली.

फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून तिघं गटाराच्या जाळीवर पालथे पडले. आधी बाटलीची झाकणं आली, मग केसांच्या पिना, मग एक चमचा.

“मासे धरताय का रे?” लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

“हो! एकच हवाय!” शेपूट म्हणालं. आणि ‘टक्!’ सुतळी जड झाली. काळ्या गाळाने माखलेली कडी वर आली. वास असा, की लॉन्ड्रीवाल्याने दारच लावून घेतलं!

संध्याकाळी भिंगरी धीर करून बाबांसमोर उभी राहिली. “बाबा, गाडीचं...”

“आज त्या गाडीबद्दल एक शब्द ऐकायचा नाही मला!”

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. मग ते बरं वाटलं म्हणून रात्रभर झोप लागली नाही. आणि काकाचा तर निरोप आला होता, पंप मोठा आहे, उद्या दुपार होईल.

सकाळी सात वाजताच ती मास्तरच्या खिडकीखाली हजर. “भंगारवाला गाडी ओढून नेणार. ओढायला काय लागतं?”

“दोर,” मास्तर डोळे चोळत म्हणाला. मग त्याचे डोळे टक्क उघडले. “चाकं!”

आधी नट सैल, मग जॅक, मग खाली लाकडी ठोकळे. असं चार वेळा! काका करायचा ते बघून बघून सगळं पाठ होतं. निघताना मास्तरने वहीत नीट लिहिलं, ‘शनिवार. चारही चाकं काढली.’ खाली तिघांची नावं. मग एकेक चाक ढकलत वरात निघाली तात्यांच्या दारी.

तात्या खुर्चीत बसून पोलादाचा एक तुकडा मोजत होते. मोजला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“कालपासून हेच चाललंय,” ते म्हणाले. “माप दर वेळी तेच येतं. पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही बघ.”

भिंगरीच्या हातातलं चाक सुटून भिंतीवर आपटलं. तिने खिशातली कडी त्यांच्या तळहातावर ठेवली. “तुमचा हात कापत नाही, तात्या. कडी मी नेली होती खेळायला. ती हरवली, आणि काकाने तिथं वॉशर भरले.”

तात्यांनी कडी उलटसुलट करून पाहिली. “कधी नेलीस?”

“मंगळवारी.”

“काल आवाज आला तेव्हा कुठे होतीस?”

“दारात. वहीजवळच.” आता तिला हुंदका आवरेना.

तात्या रागावले नाहीत, त्यांनी तिला जवळही घेतलं नाही. कडी पुसून त्यांनी मापली. “खरचटली नाही,” म्हणत ते उठले. “चला.”

इकडे अंगणात गोंधळ उडाला होता. “अहो साहेब, हिला चाकंच नाहीत!” भंगारवाला डोकं खाजवत होता.

“काल होती हो!” बाबा डबीभोवती फेऱ्या मारत होते. मग त्यांची नजर वहीवर गेली. “भिंगरे!”

“आले!” भिंगरी तात्यांच्या मागून पुढे आली. ततपप न करता तिने सगळं सांगितलं. कडी, गटार, तात्यांना बोल लागताना गप्प बसणं, सगळं. तेवढ्यात पंपाचं काम लवकर उरकून काकाही आला. वॉशरांचं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला.

“डब्यात तीनच दिसल्या,” तो पुटपुटला. “म्हटलं, जाडी तेवढीच दिसतेय, एवढ्याने काय होतंय? तात्या, मी न मोजता तुमचं माप काढलं. चुकलं माझं.”

“ते मग,” तात्या म्हणाले. “पाना दे आधी.”

तासाभराने चौथी कडी जागेवर बसली. भंगारवाल्यानेसुद्धा दोन चाकं चढवून दिली, त्यालाही आता राहवत नव्हतं! काकाने पायडल दाबलं. डबी अंगणातून फाटकाबाहेर, फाटकातून रस्त्यावर, वळणापर्यंत जाऊन परत! खर्र नाही, खट् नाही. नुसती बारीकशी गुणगुण.

“हिला कोण भंगारात घालतंय!” भंगारवाला म्हणाला.

“पोरांनो, शाबास!” बाबा हसत सुटले. “घड्या घालून माप काय, चाकं काय! आम्हा मोठ्यांचे डोळे उघडलेत तुम्ही!” मास्तरची छाती फुगली, शेपूट उड्या मारत सुटलं. भिंगरीला मात्र ती शाबासकी टोचत होती. तिने तात्यांकडे पाहिलं. ते वही सोडवून घेऊन आले होते.

काकाने आधी लिहिलं, ‘बुधवार. कडीच्या जागी वॉशर भरले. मोजलं नाही, विचारलं नाही.’ मग पेन्सिल भिंगरीकडे आली. तिने लिहायला सुरुवात केली, ‘शनिवार...’

“आजचा वार नको,” तात्या म्हणाले. “केलंस त्या दिवसाचा टाक.”

तिने ते खोडलं. ‘मंगळवार. एक कडी खेळायला नेली आणि हरवली. शुक्रवारी तात्यांना बोल लागला, तेव्हा गप्प बसले.’ खाली नाव घातलं. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण हात थरथरत होता.

तात्यांनी वही लांब धरून दोन्ही नोंदी शब्दन् शब्द वाचल्या. “आता म्हणतो, शाबास,” ते म्हणाले आणि भिंगरीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मग पेन्सिल घेऊन त्यांनी नोंदींच्या खाली सही केली, ठळक, एका रेषेत. त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही.