आठव्या पिस्टनचा बोल्ट

सीझन संपला की इंजिन खोलायचं, हा आमच्या गॅरेजचा शिरस्ता. चारशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर सात-आठ सेकंद जीव खाऊन पळणारं इंजिन आतून किती झिजलंय, ते खोलल्याशिवाय कळत नाही. यंदा शेवटच्या शर्यतीत गाडी भिंतीवर आदळली आणि दादा गेला. तरी मी खोलायला घेतलंच. रागानं घेतलं.

पंचांनी लिहून दिलं, चालकाचा ताबा सुटला. वहिनीला ते पटत नव्हतं. "यांची चूक की इंजिनाची, तेवढं मला सांगा, भाऊजी," सकाळीच म्हणाली होती. माझ्या मते चूक दादाचीच. रेषा ओलांडल्यावरही पाय दाबून ठेवायची खोड त्याची. शंभरदा कानीकपाळी ओरडलो. नुसता हसायचा. त्यानं इंजिन ताणलं असेल, तर आठही पिस्टनची बेअरिंगं सारखीच खराब निघणार. ती मला वहिनीपुढे मांडायची होती.

इंजिन स्टँडवर उलटं केलं, तेलाचं भांडं काढलं. पुढचं काम दोघांचं. एकानं लांब पान्यानं क्रँक, म्हणजे सगळे पिस्टन जोडलेला मुख्य दांडा, फिरवायचा, दुसऱ्यानं समोर आलेल्या दोन पिस्टनचे बोल्ट सोडायचे. मी "फिरव" म्हणायचं आणि दादानं फिरवायचं, अशी आमची पंधरा वर्षं गेली. पहिली जोडी सोडली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "फिरव."

क्रँक फिरला.

पुढे जाऊन बघितलं. पान्यापाशी कोणी नव्हतं. वजनानं घसरला असेल म्हटलं. दुसरी जोडी सोडून मुद्दाम म्हणालो, "फिरव." तिसरी जोडी बरोबर माझ्यासमोर येऊन थांबली. खरं सांगतो, भीतीपेक्षा संतापच जास्त आला. जिवंत होतास तेव्हा ऐकलं नाहीस, आणि आता बरा ऐकतोयस!

सहा पिस्टन निघाले. बेअरिंगं स्वच्छ होती, एकावरही ओरखडा नाही. दादानं इंजिन ताणलंच नव्हतं.

"फिरव."

हललं नाही.

"फिरव म्हणतोय ना!"

मग मीच पाना धरला आणि सगळं वजन टाकलं. पलीकडून कोणीतरी तेवढ्याच जोरानं उलटं रेटत होतं. बोटभर, बोटभर करत शेवटची जोडी वर आणली.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळी रेघ ओढतो. आठव्या पिस्टनच्या एका बोल्टवर रेघ नव्हती. तो बोटांनीच फिरत होता. कडेनं बेअरिंग जळून काळं पडलेलं दिसत होतं. भर वेगात ते क्षणभर जरी अडकलं, तरी चाकं जाम होऊन गाडी भरकटणारच.

आठवलं. इंजिन जोडताना नेमकं तिथंच आमचं भांडण झालं होतं. मी पाना फेकून बाहेर गेलो आणि परत येऊन सरळ पुढचं काम हातात घेतलं.

"काय निघालं, भाऊजी?" वहिनी दारात उभी होती.

"इकडे या. बघा."

ती वाकायच्या आत क्रँक उलटा फिरला. बोल्ट खाली गेला.

मी पाना पकडून ओढला. ढिम्म हलेना.

"सोड!" मी ओरडलो. "लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालत आलायस, आता तरी पुरे कर की! बघू दे तिला! वहिनी, चूक माझी आहे. तो बोल्ट मी आवळलाच नव्हता. माझ्यामुळे गेला दादा!"

वहिनी पुढे आली आणि मला जोर द्यायला तिनं पान्याच्या टोकाला हात घातला.

तिथंच थिजली.

मग जेवायला हाक मारताना बोलायची, तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "अहो, सोडा आता. कळलं मला."

पाना एकदम हलका झाला.

बोल्ट वर आला. तिनं तो नीट बघितला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही, आणि पान्यावरचा हातही काढला नाही.